आधी दोरी, मग चिमटा

नव्या फ्लॅटचा नकाशा हातात आला की त्यात शेगडी कुठे, फ्रीज कुठे, टीव्हीची भिंत कोणती, एसीचं बाहेरचं यंत्र कुठे टांगायचं, सगळं दाखवलेलं असतं. घरात रोज निघणारे ओले कपडे कुठे वाळणार, ते मात्र बहुतेक नकाशांत सापडत नाही. ‘ड्राय बाल्कनी’ असं लिहिलेला एक अरुंद पट्टा असतो. त्यात वॉशिंग मशीन बसलं की माणसाला उभं राहायला जागा उरत नाही, दोरी तर दूरच. मी घरांच्या अंतर्गत रचनेचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे सारखा येतो आणि मी लोकांना चिमटे, पुली, घडीचे स्टँड सुचवत असते. माझ्या आत्याला यातलं काहीच पटत नाही. तिने गिरगावातल्या चाळीत संसार केला, आता ती डोंबिवलीला मुलाकडे असते आणि घरातले कपडे अजूनही तीच वाळत घालते. आमचा या विषयावरचा वाद जुना आहे. तो इथे मांडते आहे, कारण दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि घराघरांत रोज होणाऱ्या या कामाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

आत्या : चिमटा कपड्याचं काय करतो ते आधी बघ. टी-शर्टाच्या खांद्यावर दोन टोकं उभी राहतात, इस्त्री फिरवली तरी बसत नाहीत. सुती साडीच्या काठावर दातांचे वण उमटतात. स्वेटर टांगला तर चार बोटं लांब होऊन खाली येतो.

मी : स्वेटर टांगायचाच नसतो, आत्या. तो चटईवर आडवा पसरायचा. आणि टी-शर्टाचं म्हणशील, तर तो दोष चिमटा कुठे लावला त्याचा आहे. खांद्याला लावला की टोकं येणारच. बगलेच्या शिवणीला लाव, तिथे कापड दुहेरी असतं आणि वण पडला तरी दिसत नाही. शर्ट खालच्या घेराला धरून उलटा टांगायचा. जीन्स उलटी करून कमरेच्या पट्टीला, खिशांचे अस्तर बाहेर काढून.

आत्या : शर्ट उलटा टांगलास तर सगळं पाणी कॉलरकडे उतरतं. कॉलर मुळात जाड, तिच्यात आत कडक कापड. बाकीचा शर्ट दुपारी वाळतो आणि कॉलर संध्याकाळपर्यंत ओलसर राहते. मग तसाच घडी करून ठेवतात आणि कपाटाला कुबट वास येतो.

मी : मग हँगरवर घाल.

आत्या : घालते की. पण तुमच्या त्या गुळगुळीत दोरीवर हँगर टिकतो का? वारा आला की सगळे हँगर सरकत एका टोकाला जमा होतात. शर्टाला शर्ट चिकटतो आणि एकही धड वाळत नाही. माझ्या दोरीवर हँगर जिथे लावला तिथेच राहतो.

आत्याची दोरी म्हणजे पिळाची दोरी. दोन दोऱ्या घ्यायच्या, एकमेकींत पीळ भरायचा आणि दोन्ही टोकं ताणून बांधायची. कापडाचा कोपरा दोन पदरांच्या मध्ये खुपसायचा, बस. हँगरचा आकडाही त्याच पिळात अडकवायचा. चिमटा लागत नाही, सेफ्टी पिन लागत नाही. ही रीत मोठ्या प्रमाणावर बघायची असेल तर मुंबईत महालक्ष्मी स्टेशनालगतच्या पुलावर उभं राहावं. खाली १८९० सालापासूनचा धोबीघाट आहे. दगडी हौदांच्या वर, पत्र्यांच्या छपरांवर दोऱ्यांचं जाळं पसरलेलं दिसतं, आणि त्यावर हॉटेलांच्या चादरी, रुग्णालयांचे हिरवे अंगरखे, शर्टांच्या रांगाच्या रांगा. एवढ्या कपड्यांना चिमटा नाही. सगळे पिळात धरलेले.

आत्या : तिथले लोक पोटासाठी हे काम करतात. एकेक माणूस दिवसाला ढिगाने कपडे वाळत घालतो. चिमट्यात खरंच सोय असती तर त्यांनी तो आधी घेतला नसता का? चिमट्याला तिसरा हात लागतो. दोन हातांनी कापड धरायचं की चिमटा उघडायचा? म्हणून बायका चिमटे दातांत धरतात.

मी : हे मान्य. आणि पीळ कापड का धरतो, ते सांगायलाही मला आवडेल. ओल्या कपड्याचं वजन दोरीला खाली ओढतं, तशी दोरी ताणली जाते, आणि ताणली की पिळातले दोन पदर एकमेकांवर जास्त आवळतात. म्हणजे जड कापड उलट जास्त घट्ट धरलं जातं. स्प्रिंगच्या चिमट्याचं तसं नसतं. त्याची पकड कारखान्यात ठरलेली, आणि स्प्रिंग जुनी झाली की ती कमीच होत जाते. ओली सोलापुरी चादर घातली की तो हार मानतो.

आत्या : मग वाद कशाला घालतेस?

मी : कारण पीळ कोणत्या दोरीचा, यावर सगळं ठरतं. गुळगुळीत नायलॉनला पीळ दिलास तर कापड निसटतं. सुती दोरी धरते छान, पण पावसाळ्यात तिच्यावर काळी बुरशी येते आणि पांढऱ्या कपड्यावर ठिपके उतरतात. काथ्याची दोरी सगळ्यात पक्की, पण तिचे तंतू कापडात अडकतात आणि नवी असताना तिचा तांबूस रंग लागतो. बाजारात मिळणारी निळी-हिरवी प्लॅस्टिकची दोरी स्वस्त आहे, पण ऊन लागून दोन-तीन उन्हाळ्यांत तिचा भुगा पडायला लागतो. चाळीत तू कोणती वापरायचीस?

आत्या : सुतीच. दर दिवाळीच्या साफसफाईत बदलायची. जुनी दोरी फेकायची नाही, तिने रद्दी बांधायची.

यातलं ‘दर दिवाळीला’ फार महत्त्वाचं आहे. आपण दोरी एकदा बांधतो आणि ती तुटेपर्यंत तिच्याकडे बघत नाही. कपडे स्वच्छ धुऊन मळक्या दोरीवर घालतो आणि मग दोष साबणाला देतो. दोरी कोणतीही असो, कपडे घालण्याआधी ओल्या फडक्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती पुसून घ्यावी. आत्या हे रोज करते आणि फडकं प्रत्येक वेळी काळं निघतं.

मी : चिमट्याची बाजू मला मांडूच दे. तुझ्या चाळीत दोरी सामाईक गॅलरीत होती. कपडा पडला तर पडून पडून चौकात पडायचा आणि खालचा मुलगा वर आणून द्यायचा. आता लोक चौदाव्या, विसाव्या मजल्यावर राहतात. तिथला वारा वेगळाच असतो. पिळातून निसटलेला पायमोजा परत मिळत नाही. खालच्या कुणाच्या एसीच्या यंत्रावर तो वर्षभर पडून राहतो. उंचावर चिमटा हवाच.

आत्या : उंचावर बाहेर वाळत घालूच नये. ग्रिलमधून अर्धं अंग बाहेर काढून बायका कपडे घालतात, ते बघवत नाही मला. कपडा गेला तर गेला.

मी : तिथे माझं तुझं एकमत. म्हणून मी सांगते की दोरी किंवा नळी कठड्याच्या आतच हवी. पण आत असली तरी वारा असतोच.

आत्या : आणि तुझे ते रंगीत चिमटे? वर्षभरात ठिसूळ होतात. दाबला की कट्कन मोडतो आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. लोखंडी स्प्रिंग गंजते आणि तांबड्या डागाने पांढरा सदरा कायमचा जातो.

मी : प्लॅस्टिकचा चिमटा दोरीवरच राहू दिला तर असंच होणार. ऊन त्याचा जीव घेतं. कपडे काढले की चिमटेही काढायचे आणि पिशवीत ठेवायचे, मग ते कितीतरी वर्षं टिकतात. आणि मुळात चिमटा लाकडाचा होता. आधी तर त्याला स्प्रिंगही नव्हती. लाकडाची चीर पाडलेली काडी दोरीवर दाबून बसवायची. इंग्लंडात फिरस्ते रोमानी लोक विलोच्या फांदीपासून असे चिमटे तासायचे, डोक्याला पत्र्याची पट्टी आवळायचे आणि दारोदार विकायचे. स्प्रिंग आली १८५३ साली. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड गावच्या डेव्हिड स्मिथने दोन दांड्या आणि मध्ये स्प्रिंग अशा चिमट्याचं पेटंट घेतलं. पुढे १८८७ मध्ये त्याच राज्यातल्या सोलोन मूरने तारेच्या वेटोळ्याची स्प्रिंग बसवली. आज आपल्या हातात असतो तो जवळपास तोच चिमटा. दुसऱ्या कुठल्या रोजच्या वस्तूचा आकार इतकी वर्षं न बदलता राहिलाय, सांग बरं?

आत्या : सुईचा.

मी : बरं, सुईचा. फिलाडेल्फिया शहरात क्लेस ओल्डनबर्ग या शिल्पकाराने १९७६ मध्ये या चिमट्याचं ४५ फूट उंच पोलादी शिल्प उभं केलं. भर चौकात, ऑफिसच्या इमारतींमध्ये. इतका देखणा आकार आहे तो.

आत्या : देखणा असेल. चिमटा बोटांनी दाबायचा असतो, आणि माझी बोटं आता दुखतात. सकाळी वीस चिमटे दाबले की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. याचं शिल्प कुणी करत नाही.

या वाक्यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि असायचं कारणही नाही. कपडे वाळत घालण्याच्या साधनांबद्दल बोलताना आपण कापडाचा विचार करतो, जागेचा करतो, पैशाचा करतो. हे काम ज्या हातांनी आणि खांद्यांनी होतं, त्यांचा विचार सर्वांत शेवटी येतो. बहुतेक घरांत ते हात बाईचे असतात, आणि बहुतेक दोऱ्या घरातल्या उंच पुरुषाने किंवा मिस्त्रीने स्वतःच्या उंचीने बांधलेल्या असतात.

आत्या : माझ्या आजीच्या घरी, वाईला, माजघरात वर आडवा वेळू टांगलेला होता. वलणी म्हणायचे त्याला. हात पोचायचाच नाही इतका उंच. आजी ओलं लुगडं काठीवर घ्यायची. नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, तेही ओलं. ते चौपदरी करून काठीच्या टोकाने उचलायचं, वेळूच्या पलीकडे टाकायचं आणि काठीनेच पदर सरळ करायचे. एकदाही जमिनीला टेकायचं नाही. मी लहानपणी तासन् तास बघत बसायचे.

मी : ती काठी कशासाठी होती, तेही आठवतं ना? सोवळ्याला कुणाचा हात लागू नये म्हणून. बाहेर बसलेल्या बाईचा चालायचा नाही, धुणं धुवायला येणाऱ्या बाईचा चालायचा नाही. माणसामाणसांत अंतर ठेवायचं साधन होतं ते.

आत्या : कारण वाईट होतं, ते गेलं हे फार चांगलं झालं. मी स्वतः बाहेर बसलेय, मला नको सांगूस. पण काठी कशाला टाकून दिलीत? खालची जागा मोकळी राहायची, वर गरम हवा असते म्हणून कापड लवकर वाळायचं. आणि वेळू केवढा जाड, मनगटाएवढा. त्याच्यावर घातलेल्या कापडाचे दोन पदर एकमेकांपासून लांब राहतात. तुमच्या बारीक दोरीवर चादर टाकली की दोन्ही बाजू चिकटतात आणि आतून ओल्या राहतात.

मी : हे मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, फक्त ते वेळूबद्दल असतं हे मला आत्ता कळलं. कापड उन्हापेक्षा वाऱ्याने जास्त वाळतं. कापडाला लागून ओलसर हवेचा थर बसतो, तो हलला नाही तर पाणी उडायचं थांबतं. म्हणून दोन पदरांत अंतर हवं, दोन कपड्यांत अंतर हवं. आणि छताच्या ज्या नळ्या मी बसवून देते, त्या म्हणजे तुझ्या आजीची वलणीच आहे, आत्या. फरक एवढाच की तिथे कापड वर जायचं, इथे पुलीवरून नळी खाली येते. छातीच्या उंचीवर कपडे घालायचे, दोरी ओढायची, नळी छताला. खांदा वर न्यावाच लागत नाही.

आत्या : आणि दोरी हातातून निसटली की नळी डोक्यात.

मी : म्हणून दोरी भिंतीवरच्या आकड्याला आठाच्या आकारात गुंडाळायची, नुसती अडकवून सोडायची नाही. पुलीपाशी दोरीचा पीळ उसवायला लागला की बदलायची. आणि छताचे हूक स्लॅबमध्येच बसले पाहिजेत. पीओपीच्या छतात गिट्टी ठोकून दिली की ते पहिल्या पावसाळ्यात ओल्या चादरींसकट खाली येतं.

आत्या : तो तर भिंतीतला हूकसुद्धा येतो. शेजारच्या काकूंचा दोनदा उपटून आला. मिस्त्री म्हणे भिंत कच्ची आहे.

मी : भिंत कच्ची असेलही, पण काकूंनी दोरी किती ताणली होती ते विचार. सगळ्यांना दोरी तारेसारखी सरळ हवी असते. झोळ दिसला की गाठ आवळतात. आता हिशेब बघ. चार मीटरची दोरी, तिच्यावर सगळीकडे सारखे पसरलेले आठ किलो ओले कपडे, आणि मध्ये झोळ फक्त दहा सेंटीमीटर. प्रत्येक हुकावर साधारण चाळीस किलोचा ताण येतो. आठ किलो कपडे, चाळीस किलो ओढ! झोळ वीस सेंटीमीटर होऊ दिलास की तोच ताण वीस किलोवर येतो. दोरी जितकी सरळ करायला जाशील तितका ताण भराभर वाढतो. अगदी सपाट ठेवायची म्हटलं तर जगातला कुठलाच हूक पुरणार नाही.

आत्या : म्हणजे झोळ हवा.

मी : झोळ हवाच.

आत्या : गावाला अंगणात दोरी बांधायचो ती मुद्दाम सैल. खाली असताना कपडे घालायचे, मग मध्ये दुबेळकं, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेली काठी, लावून उचलायची. काढताना दुबेळकं काढलं की दोरी पुन्हा हाताशी.

मी : ते दुबेळकं फार हुशारीचं साधन आहे. मध्ये टेकू दिला की दोरीची लांबी अर्धी होते, आणि तेवढ्याच ताणात झोळ पावपट राहतो. ओट्यावर, गच्चीवर, अंगणात, जिथे चार मीटरपेक्षा लांब दोरी आहे तिथे आजही ते चालेल. पैसे शून्य.

इथे आम्ही दोघी बराच वेळ एका बाजूला होतो. ऑस्ट्रेलियात घरामागच्या अंगणात छत्रीसारखा फिरणारा चौकोनी सांगाडा असतो, १९४५ च्या सुमारास ॲडलेडच्या लान्स हिलने त्याचा धंदा सुरू केला आणि ‘हिल्स हॉइस्ट’ हे नाव तिथे घराघरांत गेलं. मी त्याचं वर्णन केलं, आत्याने ऐकून घेतलं आणि विचारलं की एवढं अंगण कुणाकडे आहे. विषय संपला. घडीच्या स्टँडचंही तसंच. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलामुलींना तो ठीक आहे, कारण भिंतीला भोक पाडायचं नसतं. पण तो घराची चालायची वाट अडवतो आणि त्याच्या दांड्या इतक्या जवळजवळ असतात की मधले कपडे वाळत नाहीत. पायमोजे, रुमाल, लहान बाळाची झबली यांच्यासाठी गोल कडीला लोंबणाऱ्या चिमट्यांचा हँगर मिळतो. तो मात्र आत्यानेही घेतला आहे.

पुढचा मुद्दा निव्वळ सोयीचा नाही आणि त्यात वाद असू नये.

आत्या : एक लिहिशील ते नीट लिही. तारेवर कपडे घालू नका म्हणावं.

मी : लिहिणारच आहे. दरवर्षी पावसाळ्यात आपल्याकडे बातम्या येतात, कपडे वाळत घालताना विजेचा धक्का बसून बाई गेली, तिला सोडवायला गेलेला मुलगाही गेला. बहुतेक वेळा गोष्ट सारखीच असते. लोखंडी तार एका टोकाला घराच्या पत्र्याला किंवा मीटरच्या खांबाला बांधलेली, जवळून विजेची वायर गेलेली, तिचं आवरण कुठेतरी घासून उघडं पडलेलं. पाऊस पडतो, पत्रा आणि तार दोन्हींत प्रवाह उतरतो, आणि ओल्या हाताने ओला कपडा त्या तारेवर पडतो.

आत्या : तार स्वस्त पडते, तुटत नाही, म्हणून लावतात.

मी : हो. पण पत्र्याच्या घरात, चाळीत, गोठ्याजवळ दोरी हीच हवी, आणि तीही विजेच्या खांबापासून, मीटरपासून, दिव्याच्या वायरीपासून लांब. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार सुरक्षित असते असं समजू नये, कारण गाठीपाशी ते आवरण आधी फाटतं. आणि कुणाला धक्का बसलाच तर हात लावून ओढायचं नाही. आधी मेन स्विच बंद करायचा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर ढकलायचं.

आत्या : तिथे आजीची काठी कामाला येईल.

मी : कोरडी असेल तर येईल.

एवढं झाल्यावर आम्ही ज्या गोष्टीवर खऱ्या अर्थाने वेगळ्या आहोत, तिथे पोचलो. माझं मत असं होतं की शहरात कपडे बाहेर दिसू नयेत ही मागणी आता टळणारी नाही, म्हणून साधनं आत बसतील अशी शोधावी. पुष्कळ सोसायट्यांनी दर्शनी बाजूला कपडे घालायला मनाई केली आहे. काही ठिकाणी दंड आहे.

आत्या : कपडे दिसले तर काय बिघडतं? तिथे माणसं राहतात, ती आंघोळ करतात, कपडे धुतात. काय लपवायचंय त्यात?

मी : लोकांना वाटतं इमारतीची किंमत कमी होते.

आत्या : आणि मग ते मशीन घेतात, वाळवायचं. फुकटचं ऊन खिडकीत आलेलं असतं आणि आत विजेवर कपडे भाजत बसतात.

मी : मशीनचा हिशेब तुझ्या बाजूचा आहे, हे कबूल करते. एक लिटर पाणी उडवायला जवळजवळ दोन तृतीयांश युनिट वीज लागते. हा निसर्गाचा हिशेब, मशीन कितीही चांगलं असलं तरी नुसत्या हीटरवर चालणाऱ्याला तो चुकत नाही. पिळून काढलेल्या एका धुण्यात दोन लिटर पाणी धरलं तरी सव्वा युनिटच्या वर गेलं, शिवाय वाया जाणारी उष्णता वेगळी. तेच काम दोरी फुकट करते. आणि हळदीचा डाग मशीनमध्ये जात नाही. तो उन्हातच उडतो, कारण हळदीचा पिवळा रंग उजेडाने तुटतो.

आत्या : हे शास्त्र आम्हाला कुणी शिकवलं नाही. पण डागाची बाजू उन्हाकडे करायची, हे माहीत होतं. आणि रंगीत कपडा उलटा करून घालायचा, म्हणजे विटला तर आतून विटेल.

मी : तुला एक सांगते. ज्या व्हरमाँटमध्ये स्प्रिंगचा चिमटा जन्मला, त्याच राज्याने २००९ साली कायदा केला की घरमालकांच्या संघटनांना कपडे वाळत घालायच्या दोरीवर बंदी घालता येणार नाही. फ्लोरिडातही तसं संरक्षण आहे. अमेरिकेतल्या कितीतरी वसाहतींत दोरीवर बंदी होती, म्हणून लोकांना त्यासाठी चळवळ करावी लागली.

आत्या : मग आपल्याकडे अजून वेळ गेलेली नाही. आपल्याकडे दोरी अजून आहे. ती काढू नका एवढंच म्हणायचंय.

मी : पण पावसाळ्याचं काय? जून ते सप्टेंबर बाहेरची दोरी मुंबईत आणि कोकणात निरुपयोगी असते. हवेतच इतकी ओल असते की कापडातलं पाणी जायला जागा नसते. कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहिले की त्यांच्यात जंतू वाढतात आणि तोच तो कुबट वास. मग घरात नळ्या हव्यात, पंखा हवा, कपड्यांत हातभर अंतर हवं.

आत्या : कोकणात चुलीवरच्या वलणीवर घालायचे. धुराचा वास यायचा, पण कुबट नसायचे. तुम्ही पंख्याखाली घाला. मी कुठे नको म्हणते? पावसाळ्यात तुझी पुली, बाकी आठ महिने माझी दोरी.

मला हे उत्तर पूर्ण पटलं, आणि माझं मतही तिथे बदललं. आत बसणारी साधनं शोधून द्यायची म्हणजे बंदी मान्य करायची, हे मी आजवर लक्षात घेतलं नव्हतं. चिमट्यावर आमचं अजून जमलेलं नाही. उंच मजल्यावर, सोसाट्याच्या वाऱ्यात, बाळाच्या कपड्यांना चिमटा हवा असं मी आजही म्हणेन. ज्यांची बोटं दुखतात, ज्यांच्याकडे आडोशाची गॅलरी आहे, ज्यांना रोज ढीगभर कपडे घालायचे आहेत, त्यांनी पिळाची सुती दोरी बांधावी, असं आत्या म्हणते आणि तिचं बरोबर आहे. पण हा निवाडा ज्याने त्याने आपल्या घरात करायचा. त्याआधी दोरी बांधायला जागा हवी.

म्हणून घर घेणाऱ्यांना आणि सोसायटीच्या समितीवर असणाऱ्यांना माझी विनंती आहे. फ्लॅट बघायला जाल तेव्हा नकाशावर बोट ठेवून विचारा, कपडे कुठे वाळणार? वारा येईल अशी, कठड्याच्या आतली जागा दाखवा म्हणा, आणि तिथल्या छताचे हूक स्लॅब ओतताना बसवून घ्या. दोरीचा भिंतीतला हूक कपडे घालणाऱ्या बाईच्या उंचीला हवा, झोळ धरून. समितीच्या पुढच्या सभेत दंडाचा ठराव येईल तेव्हा त्याला विरोध करा. सामाईक गच्ची कुलूप लावून ठेवली असेल तर ती उघडा आणि तिच्यावर सगळ्यांसाठी दोऱ्या बांधा.